अंडी उबवायची की तलंगा आणायच्या? आधी पहिले आठ आठवडे मोजा

दिवाळी सरून थंडीचा कडाका सुरू झाला, की हरभरा-गव्हाच्या चौकशीबरोबर एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. 'साहेब, घरी दहा-वीस कोंबड्या करायच्या आहेत. अंडी उबवून पिल्लं काढू, की सरळ तयार तलंगा विकत आणू?' कोंबडी हा तसा पशुसंवर्धन खात्याचा विषय. पण शेतकऱ्याच्या दारात खाती वेगळी नसतात. कृषी सहायक आला की गाईचं, विहिरीचं आणि कोंबडीचं सगळं त्यालाच विचारलं जातं, आणि ते योग्यही आहे.

बहुतेकांचा हिशेब असा असतो: अंडं स्वस्त, तलंग महाग, म्हणून उबवणं फायद्याचं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली ही गत. अंड्याच्या किमतीवरून हा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लू बाहेर पडल्यापासूनचे पहिले आठ आठवडे कोण सांभाळणार, यावरून तो घ्यावा. ज्या घरात ते सांभाळण्याची सोय आहे त्यांनी खुशाल उबवावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी लस झालेल्या तलंगा आणाव्यात. आणि गावाने मिळून एखाद्या घरात ही सोय उभी केली, तर दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात.

विश्रांतवाडी परिसराच्या दृष्टीने बोलायचं तर आपण नशीबवान आहोत. होळकर पूल ओलांडला की पलीकडे खडकी, आणि खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशी केंद्रं राज्यात कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत. कोंबड्यांच्या लसी तयार करणारी राज्य सरकारची संस्था औंधला. म्हणजे पिल्लू आणि लस, दोन्ही एका दुचाकीच्या फेरीत. तरीही लोहगावच्या पुढे वडगाव शिंदे, निरगुडीकडे किंवा आळंदी रस्त्याच्या वाड्यांवर टेम्पोतून पिल्लं विकायला आला की त्याच्याभोवती गर्दी होते. हे बदलायला हवं.

अंड्याचा खरा हिशेब

उबवायचं तर अंडं फलित पाहिजे, म्हणजे कोंबड्याच्या जोडीत असलेल्या कोंबडीचं. दुकानातली पांढरी अंडी लेअर फार्मवरची असतात. तिथे कोंबडा ठेवतच नाहीत. ती अंडी एकवीस दिवस काय, एकवीस महिने उबवली तरी पिल्लू निघणार नाही. हे सांगायची वेळ अजून येते, म्हणून लिहितो. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा की अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. नुसती खायला अंडी हवी असतील तर कोंबडा पाळण्याचं कारण नाही. धानोरी, टिंगरेनगर, कळस अशा दाटीच्या वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्याशी भांडण होण्यापेक्षा चार-सहा तलंगा बऱ्या.

आता आकडे पाहू. ३० फलित अंडी मशीनमध्ये ठेवली. घरगुती व्यवस्थेत ७० टक्के उगवण धरा, म्हणजे २१ पिल्लं. पहिल्या आठ आठवड्यांत तीन गेली असं धरा, उरली १८. त्यात साधारण निम्मे नर. हातात आल्या ९ माद्या. आठ आठवड्यांत एक पिल्लू सुमारे दोन किलो खाद्य खातं. नर-माद्या आणि मेलेल्यांनी खाल्लेलं मिळून जवळजवळ ४० किलो खाद्य झालं. म्हणजे एका तलंगेमागे तीनावर अंडी, चार-साडेचार किलो खाद्य, वीज, लस आणि घरच्या माणसाचे श्रम. यात तुमच्या गावचे भाव घाला आणि तयार तलंगेच्या भावाशी ताडून पाहा. उगवण ५० टक्क्यांवर आली किंवा मर वाढली, तर घरची तलंग विकतच्यापेक्षा महाग पडते.

वेळेचाही हिशेब करा. आज अंडी बसवली तर तीन आठवडे उबवणीचे आणि पुढे जातीनुसार पाच ते सात महिने. आठ-दहा आठवड्यांची तलंग आणली तर तीन-चार महिन्यांत अंडं. अंड्यावर आलेली अठरा-वीस आठवड्यांची आणली तर काही आठवड्यांतच, पण तिच्या किमतीत तोपर्यंतचं सात-आठ किलो खाद्य धरलेलं असतं. ती महाग का, हे यावरून कळावं.

राहिला प्रश्न नरांचा. निम्मे नर निघाले म्हणून कपाळाला हात लावू नका. पौष-माघात निघालेले गावरान नर आखाडापर्यंत पाच-सहा महिन्यांचे होतात, आणि श्रावणाच्या तोंडावर पुण्यासारख्या शहराला लागून गावरान कोंबड्याला किती मागणी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. उबवणीचा खर्च भरून निघतो तो इथे. त्यामुळे उबवायचंच असेल तर थंडीत उबवा. उन्हाळ्यात ठेवलेली अंडी बिघडतात आणि पावसाळ्यात ओल्या जागेत पिल्लांना रक्ती हगवण लागते.

खुडूक कोंबडी असेल तर

खुडूक बसलेली गावरान कोंबडी हे वीज न लागणारं मशीन आहे. उबवणंही तीच करते आणि पुढे पिल्लांना पंखाखाली घेऊन ऊबही तीच देते. म्हणून जिच्या घरी चांगली खुडूक आहे, त्या ताईने तलंगा विकत आणण्याआधी ती बसवावी. एका कोंबडीखाली तिच्या आकाराप्रमाणे दहा ते बारा अंडी पुरे. अठरा-वीस घातली की कडेची गार पडतात आणि सगळ्यांचंच नुकसान होतं.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. फार मोठी, फार लहान, तडकलेली किंवा मळकी घेऊ नका. अंडी धुऊ नका. गार जागेत, टोक खाली करून ठेवा; ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं मडकं यासाठी उत्तम. बसवण्याआधी कोंबडीच्या अंगावरच्या उवा, पिसवा घालवा, नाहीतर ती मध्येच उठते. रात्रीच्या वेळी बसवा. मेघगर्जनेने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवण्याची काही घरांत रीत आहे. ठेवा, बिघडत काही नाही. पण टोपलीखाली कोरडी राख किंवा वाळू, वर भुसकट, आणि जवळच पाणी व दाणे ठेवायला विसरू नका.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बॅटरीसमोर अंडं धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. आरपार स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं, ते काढून टाका.

मशीनने उबवायचं असेल तर काम जास्त काटेकोर आहे. पंख्याच्या मशीनमध्ये तापमान साधारण ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास एकसारखं लागतं. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, आणि शेवटच्या तीन दिवसांत फिरवणं बंद करून दमटपणा वाढवावा लागतो. हल्ली तीस-साठ अंड्यांची मशीनं घरपोच मिळतात. मशीन घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: तुमच्या वाडीवर सलग किती तास वीज जाते? तितके तास चालणारा इन्व्हर्टर नसेल तर त्या मशीनच्या नादी लागू नका.

दुसरी एक सूचना. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या परसातल्या सुधारित कोंबड्या चांगल्या आहेत. पहिल्या दोन हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या आणि गिरिराज बेंगळुरूची. पण त्या संकरित आहेत. त्यांचीच अंडी घरी उबवून पुढची पिढी आईसारखीच निघेल, ही अपेक्षा चुकीची. आकार, रंग, अंडी सगळ्यांत फाटे फुटतात. ऱ्होड आयलंड रेड ही शुद्ध जात आहे, तिची पिल्लं जातीवर जातात. आपली गावरान वर्षाला साधारण ६०-८० अंडीच देते, पण ती खुडूक बसते, घार दिसली की पिल्लांना लपवते आणि स्वतः चरून खाते. फार्मवरची लेअर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण खुडूक होण्याचा गुण तिच्यातून निवडीने काढून टाकलेला आहे. म्हणून सगळीच गावरान काढून संकरित आणू नका. उबवायला गावरान ठेवा आणि अंड्यांसाठी सुधारित तलंगा आणा. उबवणीसाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा, आणि तो त्याच घरातल्या पिल्लांतला नको. शेजारच्या गावाशी कोंबडा बदलून घ्या.

तलंग घेताना फसू नका

तलंगा आणायचं ठरलं तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. बाजारात तीन प्रकारची फसवणूक नेहमी दिसते.

पहिली, आठवडी बाजारातली रंगवलेली पिल्लं. गुलाबी, हिरवी पिल्लं पोरांना आवडतात. ती बहुधा लेअर उबवणी केंद्रातून बाजूला काढलेली नर पिल्लं असतात. त्यांच्याकडून अंड्याची अपेक्षा करायची नाही.

दुसरी, तलंग म्हणून गळ्यात मारलेली म्हातारी लेअर. अंडी कमी झाली की फार्मवरून कोंबड्या मोडीत निघतात, त्यातल्या काही 'आता अंड्यावर येईल' असं सांगून विकल्या जातात. तलंगेचे पाय गुळगुळीत, खवले बारीक असतात, तुरा लहान आणि फिकट लाल असतो. पाय खरबरीत, खवले जाड, तुरा मोठा होऊन लोंबलेला आणि पोटाखालची पिसं झिजलेली असली तर ती म्हातारी समजा.

तिसरी फसवणूक मोठ्या पैशाची. 'पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने उचलतो' असा करार. २०१९ साली सांगली भागातून कडकनाथ पालनाच्या नावाखाली झालेला गैरव्यवहार उघडकीला आला आणि अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथ जात वाईट नाही; झाबुआच्या त्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दोष जातीचा नव्हता, उघड्या बाजारात जो भाव नाही तो देण्याच्या आश्वासनाचा होता. एखादी कोंबडी तुमच्या गावच्या बाजारात काय भावाने खपते, तोच तिचा भाव.

तलंगा घेताना विक्रेत्याला वय आणि झालेल्या लसी लिहून मागा. मरेक्स, लासोटा, गंबोरो, देवी आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची राणीखेतची लस, यातल्या कोणत्या झाल्या आणि कधी? जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणलेल्या तलंगा दोन-तीन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळ्या ठेवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो पुन्हा दिसला. दोन्ही वेळी हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. एकदम मर लागली तर मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका आणि उरलेल्या घाईने विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

आठ आठवडे म्हणजे काय

मशीनमधून निघालेल्या किंवा एक दिवसाच्या आणलेल्या पिल्लांना आई नसते. तिची ऊब आपल्याला द्यायची असते. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, तळाला भाताचं कोरडं तूस अंथरा, वर बल्ब टांगा. पिल्लामागे दोन वॅट हा जुना हिशेब आहे, पण तो तारेच्या पिवळ्या बल्बचा. आता घरोघरी एलईडी आले आहेत. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. 'रात्रभर दिवा लावला होता तरी पिल्लं गेली' ही तक्रार ऐकली की आधी दिवा कुठला होता ते विचारावं लागतं.

पिल्लांकडे पाहून तापमान कळतं. बल्बखाली गोळा होऊन एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर ठीक चाललं आहे. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी आणि मक्याचा भरडा, नंतर पिल्लांचं खाद्य. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, म्हणजे पिल्लू बुडत नाही आणि तूस भिजत नाही. रात्री मुंगूस, बोका, उंदीर यांच्यापासून बंदोबस्त करा. हे सगळं दोन महिने, एकही रात्र न चुकता. करणारं माणूस घरात असेल तर एक दिवसाची पिल्लं घ्या. ऊस तोडायला किंवा कामाला सगळं घर बाहेर जात असेल तर घेऊ नका.

गावाने काय करावं

आता थोडं सरपंच, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि बचतगटांच्या अध्यक्षांशी. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पन्नास टक्के अनुदानावर दोन प्रकारचे गट दिले गेले आहेत. एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट, आणि आठ-दहा आठवड्यांच्या २५ माद्या व ३ नर असा तलंगा गट. अर्जाची मुदत आणि अटी पंचायत समितीत विचारून घ्या. पण लाभार्थ्याची शिफारस करताना कोणता गट कोणाला, याचा विचार होत नाही. भूमिहीन विधवा बाईच्या एका खोलीच्या घरात शंभर पिल्लं द्यायची आणि महिन्याभरात ती मेली की 'यांना सांभाळता येत नाही' म्हणायचं, हा अन्याय आहे. तिला तलंगा गट द्या. शंभर पिल्लांचा गट ज्याच्याकडे जागा, वीज आणि घरी राहणारं माणूस आहे त्याला द्या.

तलंगा गटातले तीन नर दिलेत ते उगीच नाही. त्यांच्यामुळे त्या पंचवीस माद्यांची आणि परसातल्या जुन्या गावरान कोंबड्यांची अंडी फलित होतात. पाहुणे आले की पहिल्यांदा हेच तीन कापले जातात. मग पुढच्या वर्षी गावात उबवायला अंडं शिल्लक राहत नाही.

यापुढची पायरी म्हणजे गावात एक संगोपन घर. राष्ट्रीय पशुधन अभियानात 'मदर युनिट' म्हणून हीच कल्पना होती. एका होतकरू तरुणाने किंवा बचतगटाने खडकीहून एक दिवसाची पिल्लं आणायची, सहा-आठ आठवडे लस देऊन वाढवायची आणि वाडीतल्या घरांना पाच-दहाच्या हिशेबाने विकायची. घेणाऱ्याला आपल्या डोळ्यांसमोर वाढलेली तलंग मिळते आणि वाढवणाऱ्याला रोजगार मिळतो. टेम्पोवाल्याची गरजच उरत नाही.

आणि लस. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, ती एका रात्रीत खुराडं रिकामं करते. लस स्वस्त आहे, पण एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात. कुपी फोडून पातळ केली की ती थोड्याच तासांत वापरावी लागते, तीही बर्फावर ठेवून. दहा कोंबड्या असलेलं घर एकट्याने ती आणत नाही, आणलीच तर बाकीची वाया जाते. म्हणून लस हे घरोघरीचं काम नाही, गावाचं काम आहे. ग्रामपंचायतीने पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून दर दोन-तीन महिन्यांनी एक वार ठरवावा, आदल्या दिवशी दवंडी द्यावी, आणि कोंबड्या सोडायच्या आधी पहाटेच वाडीवाडीत फिरून लस टोचून घ्यावी. यासाठी लाखोंचा निधी लागत नाही. एक बर्फाचा डबा, एक वही आणि दोन माणसं लागतात.

परसातल्या दहा कोंबड्या म्हणजे अनेक घरांत त्या बाईच्या हातातला एकमेव पैसा. पोराची वही, स्वतःचं औषध त्यातून येतं आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तो पैसा मानमोडीने नेऊ नये. या थंडीत ज्यांच्याकडे खुडूक आहे त्यांनी ती बसवा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी लस झालेल्या तलंगा आणा. आणि येत्या ग्रामसभेत लसीचा वार ठरवून घ्या. विषयपत्रिकेवर तो विषय नसेल तर उभं राहून मांडा.